मागची फळी सुकेपर्यंत

यंदा दसऱ्याला मी गाद्या उन्हात टाकल्या नाहीत. एवढं शहाणपण यायला अख्खा संसार गेला, पण आलं एकदाचं. माहेरी, रत्नागिरीकडे, दसरा जवळ आला की गाद्या, गोधड्या, रजया, लोणच्याच्या बरण्यांचे दादरे, सगळं अंगणात यायचं. पावसाळा संपला, आता उन्हं खावीत, असा तो सोहळा. ती सवय मी लग्नानंतर इकडे चेन्नईला घेऊन आले आणि पेरुंगुडीच्या या गच्चीवर वर्षानुवर्षं इमानेइतबारे गाद्या पसरत राहिले. दुपारी आभाळ काळं व्हायचं. खालच्या मजल्यावरची बाई "आंटी, मळै, मळै!" म्हणून ओरडायची आणि मी धापा टाकत गच्चीवर. भिजलेली कापसाची गादी एकटीने उचलून बघा एकदा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. आपल्याकडे पाऊस संपतो तेव्हा इथे तो सुरू होतो, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असं नाही. मी शाळेत हिंदी शिकवत होते, नोव्हेंबरात पावसामुळे शाळा बंद ठेवायच्या सूचना मीच वर्गात वाचून दाखवायची. पण ठाऊक असणं वेगळं आणि हातांना पटणं वेगळं.

आज सकाळपासून तोच पाऊस लागला आहे. खाली रस्त्यावर पाणी साचलंय, ऑफिसला निघालेल्या मुली एका हातात चपला आणि छातीशी लॅपटॉप धरून वाट काढताहेत. आमच्या ह्यांनी खिडकीशी खुर्ची ओढली आहे. पेपर हातात आहे, पण पान मगापासून तेच.

"होडी झाकली आहे ना?" मी विचारलं.

"झाकली."

"नीट?"

"सुनंदा, नवरात्राच्या आधी झाकली. ताडपत्री नवी, दोऱ्या नव्या, मागच्या बाजूला उतार दिलाय. आता काय तिला स्वेटर विणून घालू?"

चिडलेत, पण माझ्यावर नाहीत. हा पाऊस लागला की ते असेच होतात. मीही मग स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवते. आमच्या दोघांच्या मनात त्या वेळी एकच माणूस असतो आणि त्याचं नाव कुणी काढत नाही.

राजाराम राव असं त्यांचं पूर्ण नाव. सगळी सोसायटी त्यांना राव म्हणायची. तळमजल्यावर एकटे राहायचे. बँकेतून निवृत्त झालेले, बायको आधीच गेलेली, एकुलती एक मुलगी कोइमतूरला. घराणं तंजावरचं, मराठी. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मला हे काही माहीत नव्हतं. एके दिवशी लिफ्टमध्ये मी ह्यांना चांगलं फैलावर घेत होते. बरोबर एक वेष्टी नेसलेले म्हातारे गृहस्थ होते, पण म्हटलं, तमिळ माणूस आहे, त्याला काय कळतंय! पाचव्या मजल्यापासून तळापर्यंत माझी गाडी सुसाट चालली होती. लिफ्टचं दार उघडलं तसे ते गृहस्थ हात जोडून म्हणाले, "वैनी, पुरे करा हो. त्यांचें तोंड पाहा, केवढेंसें जालें."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. हे मात्र असे हसले, असे हसले की त्यांना ठसका लागला. मैत्री तिथेच जमली.

रावांचं मराठी ऐकायला मला फार आवडायचं. आपण जुन्या पत्रांतून वाचतो तसे शब्द, आणि सूर अगदी तमिळ, वाक्याच्या शेवटी वर चढणारा. मध्येच "सरी, सरी" म्हणजे बरं, बरं. मध्येच "पोदुम", म्हणजे पुरे. त्यांच्या मुलीला मराठी समजायचं, पण ती उत्तर तमिळमध्ये द्यायची. "माझ्याबरोबर हें जाईल," असं ते आपल्या भाषेबद्दल एकदा म्हणाले होते, आणि मग लगेच डांगर पच्चडीची वाटी माझ्यापुढे सरकवून विषय बदलला होता. कुणाला अवघडल्यासारखं होऊ द्यायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीतच असावी. कुठलीही गोष्ट एकदाच मागायची, तीही अशी की समोरच्याला नाही म्हणणं सोपं जावं.

आता होडीचं सांगते. आमचे हे दाभोळच्या खाडीकाठचे. वडिलांची लहानशी होडी होती, तिच्यातच हे वाढले म्हणायचे. नोकरी सगळी रेल्वेचे डबे बांधण्याच्या कारखान्यात गेली, आत लाकूडकाम आणि प्लायवूड बसवण्याच्या खात्यात. निवृत्त झाल्यावर लोक चारधामला जातात, कुणी गावाकडे घर बांधतं. ह्यांनी कोवळमच्या एका कोळ्याकडून जुनी फायबरची होडी विकत घेतली. मुट्टुकाडूच्या खाडीकाठी ओळखीच्या एकाची नारळाची बाग आहे, तिथे ती ठेवली. "माझी सवत," असं मी सगळ्यांना सांगायची. घरातल्या बाथरूमचा नळ ठिबकत राहायचा आणि हे तिकडे तिला पॉलिश करायला जायचे. सांगणार कुणाला?

त्या होडीच्या मागच्या टोकाला एक सपाट उभी फळी असते. इंग्रजीत तिला ट्रान्सम म्हणतात. इंजिन तिच्यावर अडकवतात, म्हणून सगळा जोर तिच्यावर. बाहेरून ती फायबरची दिसते, गुळगुळीत, पांढरी. पण आत प्लायवूड असतं. त्या प्लायवूडला बाहेरची हवा लागत नाही की कुणाची नजर. इंजिनाचे बोल्ट जिथून आरपार जातात तिथून, नाहीतर वरच्या काठाला बारीक तडा गेला असेल तर तिथून, पाणी आत शिरतं आणि मग बाहेर यायला त्याला वाट नसते. हे सगळं मला तेव्हा कुठे माहीत होतं? आता झोपेत विचारलंत तरी सांगेन.

रावांना पोहता येत नव्हतं. साठी उलटेपर्यंत ते कधी होडीत बसले नव्हते. ह्यांनी पहिल्यांदा नेलं तेव्हा काठ असा घट्ट धरला होता त्यांनी, की बोटं पांढरी पडली. पण दुसऱ्या खेपेला स्वतः तयार होऊन जिन्याखाली उभे. पांढरी वेष्टी, काळी छत्री, स्टीलच्या डब्यात दहीभात. पुढच्या टोकाला बसायचे आणि पाण्याकडे बघत राहायचे. चोचीखाली पिशवी असलेले ते थोराड पक्षी खाडीत उतरले की लहान मुलासारखे माझ्याकडे वळून बोट दाखवायचे. मीही जायची कधीकधी. हे मागे बसून इंजिनाशी खुडबुड करायचे, तेल, प्लग, आवाज बरोबर आहे की नाही. ह्यांच्यासाठी होडी म्हणजे काम. रावांना त्यातलं काही नको होतं. एकदा परत येताना ते मला हळूच म्हणाले, "वैनी, घरांत तिची खुर्ची दिसते. येथें कांही दिसत नाही. बरें वाटतें." बायकोबद्दल ते माझ्याशी एवढंच बोलले.

आता ह्यांची चूक. ही चूक फक्त आपल्यासारखी माणसंच करू शकतात. कोकणात जून आला की होड्या काठावर ओढायच्या, शाकारून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन पुन्हा पाण्यात घालायच्या. एकदा नारळ दिला की होडी झाकायची नाही, असा ह्यांच्या वडिलांचा शिरस्ता. ह्यांनी तो जसाच्या तसा इथे चालवला. चेन्नईचा जून! कावळा सावली शोधतो असलं ऊन, पावसाचा टिपूस नाही, आणि हे खाडीवर जाऊन होडीला ताडपत्र्या बांधून येणार. बागेतली माणसं बघत राहायची. इथल्या कोळ्यांना मासेमारीची बंदी उन्हाळ्यात असते, जूनमध्ये तर ती उठते. सगळ्यांच्या होड्या पाण्यात आणि आमची एकटी झाकलेली. त्यांना वाटायचं, मराठी लोकांचं काही व्रत असेल.

मग नारळी पौर्णिमा. तो दिवस मात्र सुंदर असायचा. त्याच सुमारास रावांची श्रावणी, त्यामुळे ते नवं जानवं घालून यायचे. मी नारळीभात करायची. ताडपत्री निघायची, हे नारळाला हळदकुंकू लावून खाडीत सोडायचे, आणि त्यानंतर होडी जी उघडी व्हायची ती थेट पुढच्या जूनपर्यंत. ऑक्टोबरात पाऊस सुरू झाला की हे म्हणायचे, "परतीचा आहे, जाईल दोन दिवसांत." परतीचा! जो इथे नुकताच यायला निघालाय त्याला हे परतीचा म्हणायचे. डिसेंबरपर्यंत तो परतत राहायचा. होडी काठावर नाक वर करून ठेवलेली, त्यामुळे सगळं पाणी मागच्या फळीशी साचायचं. हे आठवड्याने जाऊन तांब्याने ते उपसून यायचे.

राव पहिल्याच वर्षी बोलले होते. मी समोर होते. "मधुकर, आमचा पाऊस ऐप्पसींत येतो. आतां झांकण काढूं नका. तै लागेपर्यंत असूं द्या." ऐप्पसी म्हणजे साधारण आपला आश्विन, आणि तै लागतो पोंगलला.

हे हसले. "राव, तुम्ही कावेरीच्या कालव्याकाठची माणसं. समुद्राचं मला सांगू नका."

"सरी, सरी," राव म्हणाले. पुन्हा त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

ज्या हंगामाबद्दल मला खरं सांगायचं आहे, तो त्यानंतर काही वर्षांनी आला. त्या वर्षी रावांना दोनदा चक्कर आली. मुलगी येऊन राहिली, डॉक्टर झाले, आणि तिने ठरवलं की पोंगल झाला की अप्पांना कोइमतूरला न्यायचं, इथलं घर सोडून द्यायचं. तिचंही काही चुकलं नाही. रावांनी वाद घातला नाही. दसऱ्याला सोनं द्यायला आले तेव्हा निघताना दारात चपला घालता घालता म्हणाले, "मधुकर, जाण्याअगोदर एकदां होडींतून न्या. तुम्हांला सवड असेल तर."

"एकदा काय, दर रविवारी नेतो!" हे म्हणाले.

त्याच आठवड्यात हे खाडीवर गेले आणि संध्याकाळी परत आले ते तोंड पाडून. इंजिन लावल्यावर मागची फळी हलली होती. नुसती किंचित, पण हलली. मग ह्यांनी हातोडीच्या मागच्या बाजूने ती ठोकून पाहिली. वरच्या कोपऱ्यांत टणक आवाज, आणि मधोमध, बोल्टांच्या आजूबाजूला, बद्द. आतल्या बाजूने बारीक भोक पाडलं तर तपकिरी पाणी ठिबकायला लागलं. "चहासारखं," एवढंच हे म्हणाले. त्या रात्री जेवले नाहीत.

फळी उघडली त्या दिवशी मी आणि राव दोघंही गेलो होतो. ह्यांनी ग्राइंडरने फायबरचा आतला पापुद्रा चौकोनी कापला आणि ओढून काढला. आत जे होतं त्याला लाकूड म्हणवेना. चहात बुडवलेलं बिस्कीट कपात पडावं तसं ते बोटाने निघत होतं. काळं, लगदा झालेलं, आणि वास असा की मी पदर नाकाला लावला. हे खुरप्याने ते खरवडत राहिले. तळाशी, जिथे खाडीचं खारं पाणी लागतं, तिथलं लाकूड त्या मानाने बरं होतं. कुजकं होतं ते वरून खाली आलेलं. हे मला तेव्हा कळलं नाही, पण ज्याने आयुष्यभर प्लायवूड हाताळलं त्याला ते पुस्तकासारखं वाचता आलं. खाऱ्या पाण्याने लाकूड इतकं लवकर कुजत नाही. हे पावसाचं, गोड्या पाण्याचं काम होतं. वर्षानुवर्षं उघड्या होडीत साचलेल्या परतीच्या पावसाचं.

हे उठून उभे राहिले. हाताला तो काळा लगदा तसाच.

"राव," हे म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतं मला. पहिल्याच वर्षी."

राव छत्रीवर दोन्ही हात टेकून उभे होते. "मी काय सांगितलें?" ते म्हणाले. "मला तर आठवत नाही, बाबा."

त्या माणसाला सगळं आठवायचं. माझ्या सुनेच्या आईचं नावसुद्धा त्यांना माझ्या आधी आठवायचं. मला त्या क्षणी रडू आलं, आणि मी ते बागेतल्या डासांवर ढकललं.

परतीच्या वाटेवर गाडीत हे मला म्हणाले, "सुनंदा, इतकी वर्षं झाली या गावात. पगार इथला खाल्ला, पाणी इथलं प्यायलो. आणि पाऊस मात्र मी दाभोळचा धरून बसलो." मी एरवी लगेच काहीतरी टाकलं असतं, माझं तोंड तसं आहेच. पण त्या दिवशी मला माझ्या गाद्या आठवल्या. आमच्या घरातल्या भिंतीवर गावाहून मागवलेली दिनदर्शिका, स्वयंपाकघरात मे महिन्यात घातलेले साबुदाण्याचे पापड, पहिल्या जूनला सवयीने बाहेर काढलेल्या छत्र्या. इथल्या माणसांत आम्ही राहिलो, पण इथल्या ऋतूंत राहिलोच नाही. शेजारणी सांगत होत्या, राव सांगत होते. ऐकायला काय झालं होतं? आपलं तेच खरं, असा एक ताठा असतो आपल्यात, आणि परक्या गावात तो आणखी ताठ होतो. मला त्याची लाज वाटते.

मग सुकवण्याचा खटाटोप सुरू झाला. कुजकं सगळं काढून टाकायचं, आतली पोकळी खडखडीत वाळवायची, मग नवं मरीन प्लाय एकावर एक थर चिकटवून, शिकंज्यांत आवळून बसवायचं, वरून फायबरची जाळी आणि रेझिन. रेझिन ओल्यावर धरत नाही. वरून चिकटल्यासारखं दिसतं आणि पुढे सोलून येतं. म्हणजे आधी सुकायला हवं. आणि सुकणार कसं? बाहेर ऐप्पसीचा पाऊस धो धो. ह्यांनी होडीवर मांडव घातला, आत टेबलफॅन लावला, मोठे पिवळे दिवे लावले. दिवसभरात जरा कोरडं झालं की रात्री सर यायची आणि हवाच ओली. भिंती घामेजल्यासारख्या, मीठ पाणी धरलेलं, कपड्यांना कुबट वास. वादळाचा इशारा आला की हे दोऱ्या आवळायला धावायचे. फळीच्या पोकळीला हात लावायचे आणि मान हलवायचे.

राव येत राहिले. मांडवाखाली प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायचे, गुडघ्यांवर हात ठेवून. त्यांची तब्येत बरी नव्हती, तरी येत होते. ह्यांना वाटायचं, ते काम बघायला येतात. ते होडीशी बसायला येत होते, हे मला आता कळतं.

"सुकलें काय?"

"नाही हो राव. ओल आहे अजून."

"बरें, बरें. सावकाश होऊं द्या."

पावसाचा आवाज ताडपत्रीवर इतका मोठा, की दोघांना एवढंसुद्धा ओरडून बोलावं लागायचं. मी थर्मासमधून कॉफी ओतून द्यायची. समोर दहा पावलांवर खाडी भरलेली, तिच्यावर पावसाचे थेंब उडताहेत, आणि कधी उघडीप झाली की पाणी असं शांत, की पलीकडच्या नारळांची उलटी रांग त्यात दिसायची. राव तिकडे बघत राहायचे. हे पोकळीत डोकं घालून.

मार्गळी महिना लागला. म्हणजे पहाटे दारोदार कोलमच्या रांगोळ्या आणि देवळांतून गाणी. पोंगल दिसायला लागला तशी मला घाई झाली. एका संध्याकाळी मी ह्यांना सरळ म्हटलं, "अहो, बसवा ती फळी कशीतरी. एक फेरी मारून आणा त्यांना. मग पुन्हा उघडा आणि सुकवत बसा जन्मभर."

"कशीतरी?" हे म्हणाले. "एवढं जड इंजिन मागे लटकणार. भर पाण्यात फळी सुटली तर? बसणारा माणूस कोण आहे, पोहता येतं का त्याला? राव बसायचे आहेत त्यात. माझ्या हातून एकदा त्यांचं ऐकायचं राहिलं, आता काम तरी असं करू दे की त्याला नाव ठेवता येणार नाही."

बरोबरच होतं ते. त्यांची तळमळ मला दिसत होती. हाताची बोटं रेझिनने फाटलेली, रात्री खोबरेल लावून बसायचे. ते सगळं रावांसाठी चाललं होतं. अजून वाईट वाटतं ते याच गोष्टीचं. आळस केला असता, टाळाटाळ केली असती, तर चिडता तरी आलं असतं.

पोंगल आला. आमच्या मजल्यावर सगळ्यांकडे गोड पोंगलाच्या तुपाचा वास. फळी अजून हाताला गार लागत होती. सणानंतर लगेच टेम्पो आला. रावांचं सामान ते किती असणार! कपाट, पितळी भांडी, आणि ती खुर्ची, जिच्यावर कुणी बसत नसे. ती टेम्पोत चढवताना रावांनी स्वतः हात लावला. मुलगी गाडीत बसून घाई करत होती, पुढचा प्रवास लांबचा. मी त्यांच्या हातावर दही दिलं. हे त्यांचा हात धरून म्हणाले, "राव, उन्हं पडली की फळी बसते. मी स्वतः कोइमतूरला येतो तुम्हाला न्यायला. शब्द."

"याच हो," राव म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "वैनी, त्यांना फार रागावूं नका." गाडी वळली तरी हे गेटपाशीच उभे. वॉचमनने गेट लावायला किती वेळ थांबायचं, म्हणून शेवटी मीच त्यांना वर आणलं.

आणि मग, काय सांगू, उन्हं पडली! तै सरला, मासी लागला, कोरडा वारा सुटला आणि ती पोकळी जी महिनोन्महिने सुकत नव्हती ती बघता बघता खडखडीत झाली. ह्यांनी नवं प्लाय बसवलं. बोल्टांची भोकं आधी मोठी पाडून रेझिनने भरली आणि मग त्यातच पुन्हा पाडली, म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचूच नये. वरचा काठ असा बंद केला की नखाला फट लागत नव्हती. मीसुद्धा हात फिरवून पाहिला. इतकं देखणं काम मी ह्यांच्या हातचं पाहिलं नव्हतं. ठोकलं की फळीभर एकसारखा टणक आवाज.

राव परत आले नाहीत. मुलगी म्हणाली, प्रवास झेपणार नाही, जरा बरं वाटू दे. हे कोइमतूरला जाऊन भेटून आले, पण न्यायचं जमलं नाही. पुढचा ऐप्पसी लागायच्या आधीच ते गेले, तिकडेच. त्यांच्यामागे त्यांच्या घरात तसं मराठी बोलणारं कुणी उरलं नाही. हे सगळं माणसाच्या आयुष्यात घडतंच, आणि मी ते समजूनही घेतलं आहे. मला जे समजून घेता येत नाही ते त्या मासी महिन्यातल्या फोनचं.

होडी पहिल्यांदा पाण्यात घातली त्या दिवशी संध्याकाळी हे इतके खुशीत होते की बूटसुद्धा न काढता गॅलरीत गेले आणि रावांना फोन लावला. मलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"राव, झाली बरं का! फळी अशी बसली आहे, आता मागे हत्ती बांधा!"

"भलें जालें! भलें जालें!" रावांचा आवाज बारीक झाला होता, पण सूर तोच, वर चढणारा. त्यांनी एकेक विचारून घेतलं. प्लाय किती थरांचं, रंग कोणता दिला, वैनी आल्या होत्या काय. ते पक्षी अजून आहेत का, हेही विचारलं. मग म्हणाले, "मधुकर, एक विचारूं? मला होडींतलें कांही समजत नाही, म्हणून विचारतों. ती मागची फळी इंजिनासाठीच, नव्हे काय?"

"हो, इंजिनासाठीच. सगळा भार तिच्यावर."

"मग इंजिन काढून ठेवून, नुसती वल्हीं मारून, तेथेंच कांठाकांठानें ती चालली असती काय? त्या पावसांत कधीं ऊन पडे, तेव्हां?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा बघवेना मला. बाहेरचं फायबर तर शाबूतच होतं, बोल्टांची भोकं पाण्याच्या वर, पाणी आत येण्याचा प्रश्न नव्हता. दोन वल्ही होडीतच पडलेली असायची, आणि खाडी दहा पावलांवर. दाभोळच्या खाडीत लहानपण गेलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको होतं. पण तो सबंध हंगाम ह्यांना होडी दिसलीच नव्हती, फक्त ती कुजकी फळी दिसत होती. आणि मलाही. मी मान हलवून, हातांनी खूण करून सांगत होते की नाही म्हणा, नसती चालली म्हणा, काय जातंय! पण लाकडाबद्दल खोटं बोलायला ह्यांना कधी जमलं नाही.

"चालली असती," हे म्हणाले.

"सरी, सरी," राव म्हणाले. रागाचा लवलेश नाही, उलट काहीतरी उलगडल्यासारखे हसले. "मी त्या वेळीं विचारणार होतों. मग म्हटलें, चालत असती तर तुम्हीच म्हणाला असतां."